दारातला कूलर

होळी झाली की बाबांचा फोन येतो. "बेबी, कूलर काढला बरं का," एवढंच सांगतात आणि ठेवून देतात. आवाजात असा थाट, जणू घरात कुणाचं बाळंतपण सुखरूप पार पडलंय. मी पन्नाशीकडे झुकलेली, नागपुरात संसार करणारी बाई, पण दुर्गच्या त्या घरात अजून बेबीच आहे. यंदा फोन ठेवण्याआधी मागून आईचा आवाजही आला, "तिले सांगा, यंदा उशीर केला म्हणा. मी संक्रांतीपासून मागं लागून राहिली." हे ऐकून मला हसू आलं. कारण ज्या कूलरसाठी ती आता संक्रांतीपासून मागे लागते, त्याच कूलरला माझ्या लहानपणी ती सवत म्हणायची.

फोन ठेवला की मला वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास येऊ लागतो. नवरा म्हणतो, फोनमधून वास येत नसतो. तो पुण्याचा आहे. कूलरमधलं त्याला काय कळणार?

ऊन नागपुरातही काही कमी नाही. पण दुर्गला लागूनच असलेल्या, मी वाढले त्या भिलाईच्या उन्हाची शिस्त वेगळी. ते तिथल्या पोलादाच्या प्लांटसारखं तीन शिफ्टमध्ये चालतं. सकाळच्या शिफ्टचं ऊन गच्चीवरच्या कुरडया वाळवतं, दुपारच्या शिफ्टचं माणसं वाळवतं, आणि रात्रीच्या शिफ्टला ऊन नसलं तरी भिंती त्याचा ओव्हरटाइम करतात. अशा गावात कूलर ही चैनीची वस्तू नसते. तो घरातला एक कर्ता माणूस असतो, फक्त तो जेवत नाही, पाणी पितो. आणि पितो म्हणजे बादल्यांनी पितो.

बाबा भंडाऱ्याकडच्या धानाच्या गावातून इथे आले, तेव्हा प्लांट नवा होता आणि भिलाई म्हणजे अर्धी बांधकाम, अर्धी धानाच्या बांध्या होती. पावर हाउस स्टेशनवर उतरले ते खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊन. नव्या मुलखात खायला मिळेल न मिळेल, अशी आजीला काळजी. बाहेर येऊन पाहतात तर जिकडे नजर जाईल तिकडे धानच धान. "मी तं तांदळाच्या गावाले तांदूळ घेऊन आलतो," हे ते अजून सांगतात, आणि दर वेळी आपणच आधी हसतात. मग त्या बांध्यांवर सेक्टर उठले, सेक्टरात स्ट्रीट झाले, स्ट्रीटवर क्वार्टरं झाली, आणि आमच्या वाट्याला सेक्टर दोनमधलं एक आलं. शेजारी आंध्रच्या सरोजा आंटी, पलीकडे बंगाली, समोर पंजाबी, कोपऱ्यावर केरळचे. रस्त्यावर सगळ्यांची हिंदी. घरात शिरताना आम्ही चपला आणि हिंदी दोन्ही दाराशी काढून ठेवायचो. चपला जागेवर राहायच्या, हिंदी मात्र मागोमाग आत यायची. म्हणून नागपूरचे नातेवाईक आमच्या मराठीला हिंदी म्हणत आणि भिलाईचे लोक आमच्या हिंदीला मराठी.

या क्वार्टरांचा एक मोठा गुण म्हणजे ती सगळी सारखी होती. हाच मोठा दोषही. तोच पिवळा रंग, तेच दार, दाराशेजारी रस्त्याकडची तीच एक खिडकी. एकदा बाबा सेकंड शिफ्टहून थकून आले, दाराला हात लावला, उघडंच होतं, आत जाऊन बूट काढले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "पाणी दे व." पाणी आलं. पण ते आणलं होतं शेजारच्या स्ट्रीटवरच्या एका ओडिया बाईंनी, आणि त्यांनी ते इतक्या शांतपणे दिलं की असं त्यांच्याकडे अधूनमधून होत असावं. बाबांनी पाणी पिऊन, आभार मानून, बूट हातात घेऊन पळ काढला. त्यानंतर त्यांनी ठरवलं की आपल्या घराला काही तरी खूण पाहिजे. ती खूण म्हणजे हा कूलर.

पावर हाउसच्या बाजारातल्या एका वेल्डरकडून त्यांनी तो बनवून घेतला. स्वतः उभं राहून. बाजारात कूलर पातळ पत्र्याचे मिळायचे, ते बाबांना अपमानास्पद वाटायचे. पोलाद बनवणाऱ्या माणसाच्या खिडकीत पातळ पत्रा? त्यांनी असला जाड पत्रा निवडला की वेल्डरनं विचारलं, "साहब, कूलर बनाना है या तिजोरी?" त्याला रंग दिला हिरवा, तोही असा की अख्ख्या स्ट्रीटवरून दिसावा. तो उचलायला गल्लीतले धडधाकट पुरुष गोळा करावे लागायचे. चालू झाला की घरात बोलायचं असेल तर ओरडावं लागायचं, आणि मोटर अडली की तिच्या उजव्या कुशीवर एक थाप मारावी लागायची. ती थाप फक्त बाबांनाच जमायची. मी मारली तर नुसता हात दुखायचा.

मला वाटतं, बाबांचा त्याच्यावर जीव होता तो उगाच नाही. क्वार्टर प्लांटचं, पंखा प्लांटचा, नळ प्लांटचा, अंगणातला आंबाही एका अर्थी प्लांटचाच. नळ गळला तरी दुरुस्त करायचा नाही, कंप्लेंट लिहून यायची आणि वाट पाहायची. त्या सगळ्या घरात आपला म्हणावा असा एकच, हा हिरवा कूलर. पाहुण्यांना ते पत्ता सांगताना स्ट्रीटचा नंबर सांगतच नसत. "हिरवा कूलर दिसला का थांबा," म्हणत.

आणि तो दिसायचा, कारण तो घरातल्या एकुलत्या एका रस्त्याकडच्या खिडकीत बसलेला असायचा. होळीनंतर लोखंडी घोडीवर चढायचा आणि पावसाळ्यात "आता उतरवू" म्हणता म्हणता दिवाळी यायची. दिवाळीत "थोड्याच दिवसांनी परत चढवायचा तं हाय," असं बाबांचं म्हणणं पडायचं. एखाद्या हिवाळ्यात चुकून तो उतरलाच, तर आई खिडकीशी जाऊन उभी राहायची आणि रस्ता पाहायची. परक्याच्या घरी आल्यासारखी. मग पुन्हा होळी. "माझ्या खिडकीत सवत आणून बसवली यायनं," हे आईचं वाक्य आमच्या लहानपणी दर उन्हाळ्यात एकदा तरी व्हायचं. आम्ही हसायचो, बाबाही हसायचे. खिडकी कशासाठी पाहिजे, हे तिला कुणी विचारलं नाही. कूलरच्या घरघरीत ते ऐकूही आलं नसतं म्हणा.

मग तो उन्हाळा आला. छत्तीसगड राज्य नुकतंच झालं होतं, माझं कॉलेज संपलं होतं, आणि बाबांच्या रिटायरमेंटला थोडेच आठवडे उरले होते. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं. दुर्गला पद्मनाभपुरात बाबांनी प्लॉट घेऊन ठेवला होता, त्यावर घर उठत होतं. घराचा विषय निघाला तेव्हा आईनं एकच मागणं केलं. "मले एक खिडकी पाहिजे. रस्त्याकडची. तिच्यात कूलर नाही बसवाचा."

"अवं, खिडकी काय मागते? मांग काय मांगाचं थे," बाबा तेव्हा उदार मनःस्थितीत होते.

"मले खिडकीच पाहिजे."

"दिली!" बाबा म्हणाले. एखाद्या राजानं परगणा द्यावा तसं.

पद्मनाभपूरबद्दल इथे सांगायलाच हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. त्या भागात तेव्हा प्लांटमधून रिटायर झालेले कितीतरी लोक घरं बांधत होते. आयुष्यभर एकसारख्या पिवळ्या क्वार्टरात राहिलेली माणसं, पहिल्यांदा स्वतःच्या मनासारखं घर बांधायची मोकळीक मिळालेली. तुम्हाला वाटेल, काय काय बांधलं असेल त्यांनी! बाहेरून बांधलंही. कुणी गेटवर सिंह बसवले, कुणी गच्चीवर विमान. पण आत जाऊन पाहा. डाव्या हाताला तीच खोली, मागे तेच स्वयंपाकघर, तिथून तेच मागचं दार, आणि नळ तिथेच, जिथे तो क्वार्टरात चुकीच्या जागी होता. मी त्या कॉलनीत कुणाच्याही घरी गेले तरी पाणी प्यायला उठून स्वतः आत जाऊ शकते. आजवर एकदाही चुकले नाही. वरवर पाहता ते दुर्ग शहराचं उपनगर आहे. मला तर ते रिटायर झालेल्या सेक्टरांचं गाव वाटतं.

बाबाही त्यातलेच. ओळखीच्या एका इंजिनिअर मुलानं त्यांना हौसेनं नकाशा काढून दिला होता. त्यात कमान होती, गोल जिना होता. बाबांनी तो नीट पाहिला, चांगला आहे म्हणाले, आणि त्यावर टरबूज कापलं. मग आमच्या गवंड्याला, बिसाहूला, स्कूटरवर बसवून सेक्टर दोनला घेऊन आले. बिसाहू जवळच्याच खेड्यातला, कमी बोलणारा, कामाला चोख माणूस. बाबा त्याला म्हणाले, "ये देखो. ऐसाच बनाना है." बिसाहूनं सुतळी काढली आणि आमचं क्वार्टर मापून घेतलं. खोल्या मापल्या, दारं मापली, आई उभी राहिली की नेमकं तिच्या डोक्याला लागायचं ते स्वयंपाकघरातलं फडताळसुद्धा मापलं. आईनं तेही चालवून घेतलं. तिचं मागणं एकच होतं.

घर चढत गेलं. बाबा रोज संध्याकाळी ड्यूटीवरून परस्पर तिकडे जायचे. आई मात्र सामान बांधणं आणि वड्या घालणं यातच अडकलेली. मे महिन्यात एका संध्याकाळी आम्ही तिघं स्कूटरवर गेलो, बाबा पुढे, मधे आई, मागे मी. वाऱ्याच्या नावानं नुसती झळ होती. चौकटी बसल्या होत्या, प्लॅस्टर ओलं होतं, आणि सिमेंटचा तो थंड वास सगळीकडे. जागेची मांडणी सोपी होती. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. समोर रस्ता. गल्लीच्या मोडावरून, म्हणजे वळणावरून, यावं तर आधी आमचं फाटक, मग दार, दाराच्या पुढे खिडकी, आणि खिडकीच्या पलीकडे मागच्या अंगणात जाणारा अरुंद बोळ. बोळ एवढा की माणसानं तिरपं होऊन जावं.

आई सरळ खिडकीपाशी गेली. चौकटीवरून हात फिरवला. बाहेर रस्ता होता, मोडावर कडुनिंब होता, तिथून एक सायकलवाला वळून येत होता. आईनं तो येईस्तोवर पाहिला. तिचा चेहरा मला अजून आठवतो, इतकी ती खूश होती. मग तिनं वाकून खाली पाहिलं. चौकटीच्या खालून, बाहेरच्या बाजूला, भिंतीतून दोन दणकट लोखंडी ब्रॅकेट निघाले होते.

"हे काय हाय?" तिनं विचारलं.

"कुठं काय?" बाबा म्हणाले.

"हे."

"थे? थे ब्रॅकेट व."

"कायचे?"

बाबांनी बिसाहूकडे पाहिलं. एखादा शहरी माणूस असता तर त्यानं काही तरी थाप मारून वेळ निभावली असती. बिसाहू सरळ माणूस. तो म्हणाला, "कूलर बर हे, दाई. बाबूजी नाप दे रिहिस." कूलरसाठीच, मापही बाबूजींनीच दिलेलं. आणि त्यानं खिशातून सुतळीचा एक तुकडा काढून दाखवला. कूलरची रुंदी. बाबांनी स्वतः मापून, गाठ मारून दिलेली.

बाबांच्या बाजूनं सांगायचं तर त्यांनी हे मुद्दाम केलं नव्हतं. खिडकी द्यायचं वचन त्यांच्या लक्षात होतं, म्हणूनच तर खिडकी ऐसपैस होती. पण खिडकीचं माप काय, असं बिसाहूनं विचारलं तेव्हा त्यांच्या डोक्यात दुसरं मापच आलं नाही. खिडकी म्हणजे कूलर बसतो ती जागा. सेक्टरात आयुष्य काढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, आणि विसरायला लावताही येत नाही.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती सिमेंटच्या पोत्यावर बसली.

"अवं, हवा याच खिडकीतून येते," बाबा समजावू लागले. "बाकी तं दोन्हीकडून भिंती हायत. इथं नाही लावाचा तं कुठं लावाचा?"

"मी हवेसाठी खिडकी मांगतली का?"

"मंग कायसाठी?"

"तुमाले पाहाले."

बाबांना काही कळेना. "मले? मले काय पाहाचं?"

"येताना," आई म्हणाली. आणि मग ती जे बोलली ते इतक्या वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं. "भोंगा वाजला का मी दाराशी. तुमचा डब्बा खिडकीत घरघर करून राहिला, स्कूटरचा आवाज समजत नाही, कोण येऊन राहिलं दिसत नाही. सरोजाचे आले, समोरचे सरदारजी आले, अन् तुमी नाही आले का माझा जीव खालीवर. भट्टीपाशी काम तुमचं. दार उघडून उभी राहाव तं झळ आत येते, बेबी रडते. सारी जिंदगी गेली, पण तुमाले मोडावरून येताना मी एक डाव धड नाही पाहिलं."

बिसाहू थापी घेऊन दुसऱ्या खोलीत निघून गेला. मलाही जायचं होतं, पण कुठल्याच खोलीला अजून दार बसलेलं नव्हतं.

बाबांनी खिडकीतून वाकून एक ब्रॅकेट हलवून पाहिला. मग अगदी खऱ्या अडचणीत सापडल्यासारखे म्हणाले, "अवं, पण आता तं मी रिटायर होऊन राहिलो. आता मी कुठून येईन?"

आईनं डोळे पुसले, साडीला लागलेलं सिमेंट झटकलं आणि म्हणाली, "थे मले नाही माईत. मले खिडकी पाहिजे."

दुसऱ्या दिवशी बाबांनी ब्रॅकेट कापायला सांगितले. बिसाहूनं ठोकून पाहिलं आणि मान हलवली. ते बाबांच्याच देखरेखीखाली बसवलेले होते, म्हणजे रेल्वेचा पूल पेलतील असे. काढायचे तर भिंत पाडावी लागली असती. म्हणून ते राहिले. कूलर कुठे लावायचा हा विषय बाबा जेवतानाही टाळत, आणि आई तो काढत नसे. रिटायरमेंटच्या समारंभात त्यांना हार घातला, घड्याळ दिलं, भाषणं झाली. परत आले तेव्हा हार त्यांनी कूलरला घातला. आई ते पाहून पुन्हा सामान बांधू लागली. मला वाटलं, संपलं. खिडकी गेली.

वास्तुशांती जूनच्या सुरुवातीला होती. ऊन असं की पूजेतलं तूप वितळवावं लागलं नाही. सेक्टर दोनचा आमचा अख्खा स्ट्रीट आला होता आणि ते सगळे नव्या घराच्या एका खोलीत मावले होते. होमाचा धूर त्यात. सरोजा आंटी पदरानं वारा घेत होत्या, सरदारजी पगडीखालून निथळत होते. पंडितजी मंत्र म्हणता म्हणता मधेच थांबून म्हणाले, "यजमान, पहले कूलर लगवाइए, फिर भगवान को बुलाएँगे."

कूलर टेम्पोतून आला होता आणि अंगणात उभा होता, गळ्यात वाळलेला हार तसाच. मंडळींनी तो उचलला आणि सवयीनं सरळ खिडकीकडे निघाले. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही, सगळे सेक्टरचेच. खिडकीच्या आत आई बसली होती, नव्या पातळात, मांडीवर अक्षतांचं ताट. कूलर येताना तिला दिसला. ती उठली नाही. नुसती ताट घेऊन बसून राहिली.

"थांबा!" बाबा ओरडले. "उधर नहीं."

"तो किधर?" कूलरच्या वजनाखाली वाकलेले सरदारजी म्हणाले. "जल्दी बोलो, भाई साहब!"

बाबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एका बाजूला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची भिंत. बोळातून कूलर जाणं शक्य नव्हतं. मग त्यांनी समोर पाहिलं. समोर आमचं नवंकोरं दार होतं, आंब्याच्या पानांचं तोरण लावलेलं, उंबऱ्यावर मी सकाळी काढलेली रांगोळी.

"दारात लावा," बाबा म्हणाले.

आणि लावला. माझ्या रांगोळीवर घोडी, घोडीवर कूलर, कूलरवर तोरण. दार असं बंद झालं की मुंगीला आत यायला जागा राहिली नाही. पंडितजींचा घाम तेवढ्यापुरता थांबला. "यजमान," ते म्हणाले, "यह तो मुख्य द्वार है! लक्ष्मी कहाँ से आएगी?"

"पीछे से," बाबा म्हणाले. "गल्ली है ना."

मग त्यांनी कूलरच्या उजव्या कुशीवर थाप मारली आणि तो घरघरू लागला. त्या आवाजात पुढचे मंत्र कुणालाच ऐकू आले नाहीत. पण मी आईकडे पाहत होते. तिनं पदर तोंडाला लावला होता. हसत होती की रडत होती ते मला त्या आवाजात कळलं नाही, आणि नंतर विचारायचं धाडस झालं नाही.

त्या दिवसापासून दर उन्हाळ्यात आमच्या घराचं पुढचं दार कूलरचं असतं आणि माणसं बोळातून तिरपी होऊन मागच्या दारानं येतात. बाबांनी भिंतीवर बाण काढून "पीछे से आइए" असं रंगवून घेतलं आहे. जाडजूड पाहुण्यांना आम्ही हिवाळ्यात बोलावतो. मला पाहायला पुण्याची मंडळी आली ती एप्रिलात. ती बोळातून एकेक करून थेट स्वयंपाकघरात निघाली, आणि तिथे मी कैरीला तिखटमीठ लावून चाखत उभी. दाखवण्याचा कार्यक्रम तिथेच उरकला. नवरा म्हणतो, त्यानं मला पाहिलं तेव्हा माझा एक डोळा आंबटानं मिटलेला होता आणि त्याला वाटलं मी डोळा मारला. मी तो गैरसमज अजून दूर केलेला नाही.

कापायचे राहिलेले ब्रॅकेट आता सदाफुलीच्या कुंड्यांना उपयोगी पडतात. आणि खिडकी आईची.

पण राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट झाली. संध्याकाळी बाबा उठले, प्लांटचे जाड बूट घातले आणि निघाले.

"कुठं?" आईनं विचारलं.

"येतो," बाबा म्हणाले. हे उत्तर नव्हतं, पण ते गेले.

आई तांदळाचं ताट घेऊन खिडकीत बसली. दिवे लागायच्या सुमाराला मोडावर, कडुनिंबाखाली, स्कूटर वळली. बाबा फाटकातून आत आले. दारात कूलर, म्हणून पुढे आले, खिडकीसमोरून बोळाकडे वळताना क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आलो."

"आले का," आई म्हणाली, आणि मागचं दार उघडायला उठली.

एवढंच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सुरुवातीला बाबा पार पावर हाउसला जाऊन कोथिंबीर घेऊन यायचे. कोथिंबीर दारासमोरही मिळते, पण ड्यूटी म्हणजे ड्यूटी. शेजाऱ्यांना वाटायचं, हे बहुधा कुठे पार्टटाइम लागलेत. मग स्कूटर विकली, तेव्हा पायी बागेपर्यंत जाऊ लागले. मग दुधाच्या बूथपर्यंत. उन्हाळे गेले तसा त्यांचा प्लांट घराच्या जवळ सरकत आला.

या मे महिन्यात मी गेले तेव्हा गुडघ्यांनी पारच दगा दिलेला होता. आता ते मोडावरच्या कडुनिंबापर्यंतच जातात, काठी टेकत. तिथल्या पारावर बसून राहतात आणि शिफ्ट सुटायची वेळ झाली की उठून घरी येतात. गंमत अशी की तो पार आईच्या खिडकीतून स्वच्छ दिसतो. म्हणजे बाबा ड्यूटीवर असतात तो सगळा वेळ आई त्यांना पाहत असते. पण ते उठले की ती मान खाली घालून तांदूळ निवडू लागते, आणि ते फाटकाशी आले की मगच वर बघते.

मी यंदा दोघांसाठी एसी घेतला होता. भिंतीवरचा, बिनआवाजाचा, खिडकी न अडवणारा. इतकी वर्षं म्हातारा-म्हातारी बोळातून तिरपी होऊन ये-जा करतात, आता त्या गुडघ्यांना सरळ दार मिळावं, हा माझा हिशेब. मिस्त्री ड्रिल घेऊन पुढच्या खोलीतल्या भिंतीशी उभा होता. बाबा पारावर होते. मी आईला म्हटलं, "आता हा कूलर भंगारात देऊन टाकू. दार मोकळं होईल. तुझी सवत गेली बघ एकदाची."

आईनं ताटातून मान वर केली नाही. "नको."

"अगं, आवाज नाही, पाणी भरायला नको. कावून नको?"

"दार मोकळं झालं का ते सरळ आत घुसतात," आई म्हणाली. "हिवाळाभर तसंच करतात. फाटक, दार, अन् आत. दारात कूलर असला का त्याइले खिडकीपुढून जावं लागते."

मी दारातल्या कूलरकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाला, "मैडम, लगाना है कि नहीं?"

"बेडरूम में लगा दो," मी म्हटलं.

तिकडे पारावर बाबा काठी टेकून उठले होते. गल्लीतून येताना दोनदा थांबले, उगाच एका झाडाकडे पाहिल्यासारखं केलं, दम घेतला. फाटकातून आले. दारातल्या कूलरची मोटर मधेच अडली होती, जाता जाता तिला एक थाप दिली, ती चालू झाली. मग सदाफुलीच्या कुंड्यांपाशी येऊन उभे राहिले.

"आलो," ते म्हणाले.

आईनं आत्ताच दिसल्यासारखं वर पाहिलं. "आज उशीर केला?"

"हो ना. लई काम होतं," बाबा म्हणाले आणि तिरपे होऊन बोळात शिरले, आणि आई मागचं दार उघडायला उठली.